किनाऱ्यावरची भाची

वर्ध्याच्या स्टेशनवर गाडी यायच्या आधी ढगेमामा आम्हाला फलाटावर गोल उभं करायचे. प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी, कुणाच्या तरी झोळीतून ज्वारीचं पीठ गळून पँटवर पांढरा पट्टा उमटलेला. मामा सगळ्यांवर एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "चला, आपआपलं आडनाव एकदा मोठ्यानं सांगा अन् इथंच ठेवून द्या. वापस आल्यावर घेऊन जाजा." मग आम्ही एकेक करून आडनाव सांगायचो. बाकांवरचे प्रवासी माना वळवून बघायचे. त्यांना बहुधा शाळेची हजेरी वाटत असावी. तिथून पुढे, समुद्राकाठी चालायचे सगळे दिवस, कुणी कुणाचं आडनाव घ्यायचं नाही. चुकून ज्याच्या तोंडून निघेल त्यानं पुढच्या मुक्कामापर्यंत भांड्यांचं पोतं उचलायचं. एका वर्षी लताबाईंनी ते पोतं दोनदा उचललं, कारण त्या शाळेत शिकवायच्या आणि माणसाला आडनावानंच हाक मारायची त्यांच्या जिभेला सवय होती.

मी नववीत होते तेव्हा पहिल्यांदा त्या गोलात उभी राहिले. माझं आडनाव मेश्राम. मी ते फार मोठ्यानं सांगितलं. मामा हसले. म्हणाले, "इतकं जोरात ठेवलं तं फुटन ना पोट्टे."

मोरेश्वर ढगे आंजीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि पिपरी मेघेत राहायचे. घरची शेती होती, ती भाऊ बघायचा. अंगानं काटकुळे, मान पुढे काढून चालायची सवय, आणि खिशाला कायम लाल शाईचं पेन. ते लाल पेन मुलांच्या वह्यांपेक्षा माझ्या बाबांच्या पत्रकांवर जास्त चाललं. बाबांचा वर्ध्यात एका खोलीचा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून आमचं घर चालतं आणि उरलेल्या कागदावर बाबा पत्रकं छापतात. पाणीपट्टीपासून वसतिगृहातल्या जेवणापर्यंत, ज्या गोष्टीवर गप्प बसू नये असं बाबांना वाटतं, त्या प्रत्येक गोष्टीवर एक पत्रक. मी वाचायला त्यावरच शिकले. इतर मुलींनी कागदाच्या होड्या केल्या, मी पत्रकांच्या घड्या घातल्या.

शनिवारी संध्याकाळी मामांची स्कूटर छापखान्यासमोर लागायची. आई चहा ठेवायची, आणि मग त्या दोघांची मजकुरावरून जुंपायची. पत्रकात 'कृपया' दिसलं की मामांचं लाल पेन तुटून पडायचं. "आपला हक्क मागाले कृपया कायले लागते बे? भीक मागून राह्यला का तू?" बाबा म्हणायचे, सभ्यपणा नावाची काही चीज असते. मामा म्हणायचे, "सभ्यपणा पत्रकाच्या खाली लिहिजो. वर हक्क लिह्य." मी कोपऱ्यात बसून घड्या घालत हे ऐकायचे. मोठं होऊन आपण असंच बोलायचं, हे मी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

माझ्या आईला भाऊ नाही. त्यामुळे मामा म्हणायला मला कुणी नव्हतं आणि मोरेश्वर ढगे त्या जागी आपोआप येऊन बसले.

समुद्राची गोष्ट ते स्वतःवर हसत सांगायचे. नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली तरी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. फळ्यावर नकाशा काढायचा, किनाऱ्यापलीकडे निळा खडू फासायचा आणि 'हा अरबी समुद्र' म्हणायचं. एकदा एका मुलानं विचारलं, सर, भरती येते तेव्हा आवाज कसा येतो? मामांना सांगता आलं नाही. "मी पोरायले निळा रंग शिकवून राह्यलो होतो. पाणी मलेच माहीत नाई." त्या हिवाळ्यात ते एकटेच कोकणात गेले आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं पायी चालले. पुढच्या वर्षी शाळेतल्या लताबाई आणि आणखी दोघंतिघं सोबत गेले. असं करत दरवर्षीची डिसेंबरच्या शेवटाची सहलच ठरून गेली.

त्या वाटेवरच्या गावांची नावं मी इथे देत नाही. तिथल्या माणसांना माझ्या लिहिण्याचा त्रास होऊ नये. पण वाट मला डोळे मिटून चालता येईल. सकाळी ओहोटीला निघायचं, कारण ओली वाळू पायाखाली सिमेंटसारखी घट्ट असते. वाळू संपून खडक लागले की चपला हातात. मग सुरूचं बन, तिथं वारा सतत कुणीतरी धान्य पाखडल्यासारखा आवाज करतो. खाडी आली की होडीवाल्याला हाक मारायची आणि तो पलीकडून येईपर्यंत दगडावर बसून राहायचं. मधेच किनारा तुटतो, मग डोंगरावरच्या सड्यावर चढायचं. तो काळा, सपाट, उन्हानं तापलेला कातळ, एका बाजूला आंब्याची कलमं आणि दुसऱ्या बाजूला खाली नुसता समुद्र. आम्ही विदर्भातली सपाट रानं बघत वाढलेली माणसं. एवढी मोठी गोष्ट एकाच वेळी नजरेत मावत नाही म्हणून मी पहिल्या दिवशी रडले होते.

मामा तेव्हा माझ्याकडेच बघत होते. ती त्यांची सवय होती. नवा माणूस पहिल्यांदा समुद्रासमोर आला की मामा समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे आणि त्या माणसाचा चेहरा बघायचे. "पाणी मी मागच्या वर्षी पाह्यलं," म्हणायचे. "हे तोंड पुन्हा पाहाले नाई भेटत."

चालताना त्यांची बडबड अखंड असायची. "समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाई," हे तर दिवसातून चारदा. कुणी कुरकुरलं की, "पाय दुखले तं सांगजो. मन दुखलं तं चालत राह्यजो, आपोआप बरं होते." प्रत्येक मुक्कामाच्या घरासाठी ते वर्ध्याहून संत्री आणायचे. निम्मी पिशवी संत्र्यांची असायची आणि ती दुसऱ्या कुणालाही उचलू द्यायचे नाहीत.

मुक्काम हॉटेलात कधीच नसे. गावातल्या घरांत राहायचं, त्यांच्यात बसून जेवायचं. ही घरं ठरवायला मामा दिवाळीच्या सुट्टीत एकटेच कोकणात जाऊन यायचे. त्याला ते 'वाट बांधणं' म्हणायचे. कुठल्या घरी किती माणसं, कुठला होडीवाला आजारी आहे, सगळं बघून यायचे. आम्ही फक्त चालायचो. दार उघडंच असायचं.

त्यातलं माझं घर म्हणजे सुलभाकाकींचं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे लांब पडवी, मागे माड. काकींचे यजमान मुंबईला नोकरीला, घरात त्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. पहिल्या वर्षी मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "ही माझी भाची." काकींनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं, फरशीवर पाट दिला आणि तांदळाची भाकरी थापायला शिकवली. माझी भाकरी वर्धा जिल्ह्याच्या नकाशासारखी व्हायची. काकी ती उचलून मामांना दाखवायला बाहेर न्यायच्या. पुढे दरवर्षी आम्ही फाटकापाशी दिसलो की त्या ओरडायच्या, "आली गो माझी!" आणि मी पिशवी पडवीत टाकून थेट चुलीपाशी. वाटेवरच्या प्रत्येक घरी मी मामांची भाची होते. मला त्याचा अभिमान होता. किनाऱ्यावर ते मला नावानं हाक मारत नसत, 'भाची' नाहीतर 'पोरी' म्हणत. मी ते लाड समजत होते.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. आमची आडनावं फलाटावर राहिली होती, पण तिथं सगळे मामांना 'ढगे सर'च म्हणायचे. मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "मास्तरले सूट आहे." सगळे हसले. मीही हसले.

कॉलेजात गेल्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, ते या सहलीवर. त्याचं नाव 'आडनावाशिवाय आठ दिवस'. माणसानं आडनाव खाली ठेवलं की दारं कशी उघडतात, अनोळखी आई चुलीपाशी कशी बसवून घेते, जात ही फक्त आपण उचलून नेतो म्हणून आपल्या मागे येते, असं बरंच काही त्यात होतं. बाबांनी ते पिवळ्या कागदावर छापलं. मी बसस्टँडवर उभी राहून वाटलं. त्याचं प्रूफ मामांनी वाचलं होतं. लाल पेनानं त्यांनी एक स्वल्पविराम नीट केला, एका ठिकाणचा ऱ्हस्व दीर्घ केला. एकही वाक्य खोडलं नाही.

मागच्या पावसाळ्यात मामांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि चालण्याची सहल त्यांच्यापुरती संपली. ते फार हिरमुसले. लताबाई म्हणाल्या, यंदा राहू द्या. मी म्हटलं, राहू कशाला द्यायचं, दिवाळीत मी जाते आणि वाट बांधून येते. मामा पटकन म्हणाले, नको. फोनवर होऊन जाईन. मी म्हटलं, तुम्हीच म्हणता ना, संत्री हातात दिल्याशिवाय वाट बांधली जात नाही. त्यांनी बरेच बहाणे सांगितले. त्या बहाण्यांमागे काय होतं ते मला दिसलं नाही. मी संत्री भरली आणि गेले.

काकी मला एकटीला बघून आधी घाबरल्या, मामांना काही झालं की काय म्हणून. मी गुडघ्यांचं सांगितलं. आम्ही पडवीत बसलो. त्यांनी संत्र्याचा वास घेतला, सासूबाईंना एक आत नेऊन दिलं, आणि परत येऊन सहज बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "तू सरांच्या थोरल्या बहिणीची की धाकट्या?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही काकी. आमचं नातं नाही. माझे बाबा त्यांचे मित्र आहेत.

"असं कसं? सर तर सख्खी म्हणाले होते. सगळी आपलीच माणसं आहेत म्हणाले, घरची."

'आपलीच' या शब्दावर मी थांबले. त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पण मी ज्या घरात वाढले तिथं अशा जागी गप्प बसत नाहीत. मी सांगितलं, माझं नाव सुजाता मेश्राम आणि आम्ही बौद्ध आहोत.

काकींच्या हातात संत्र्याची साल होती. ती त्यांनी पदरात धरली, मग पायरीवर ठेवली, मग परत उचलली. मग म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं गो त्यांना. त्यांनी आपणहून सांगितलं." आणि उठून आत गेल्या.

दुपारी जेवण आलं ते पडवीत. एकटं ताट. नेहमीची भाकरी, कुळथाची पिठी, तळलेला बांगडा. मी आत येऊ का म्हटलं तर काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आत सारवलंय, ओलं आहे. त्या स्वयंपाकघरात फरशी आहे. त्या फरशीवर मी कितीतरी वर्षं पाट टाकून बसले होते.

मी ताटाला हात न लावता उठले. काकी फाटकापर्यंत मागे आल्या. "तसं नाही गो, सासूबाई…" एवढंच बोलल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. त्यातलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिथून पुढे आमची वाट सड्यावर चढायची. अख्ख्या सहलीतला सगळ्यांत खडा चढ. खाली दलदल आहे, तिकडून जाता येत नाही, असं मामा सांगायचे. त्या दिवशी माझ्या अंगात चढण्याची ताकद नव्हती. मी खालच्या अंगानं चालत सुटले. दलदल कुठेच नव्हती. चांगली पायवाट होती, ती माडांतून एका वाडीत शिरली, आणि वाडीच्या तोंडाशी निळा झेंडा होता. विहिरीवर एक बाई कपडे धूत होत्या. कुठून आलीस, कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी वर्ध्याची म्हटल्यावर त्यांनी हात पुसले आणि मला घरी नेलं. जेवायला बसवून म्हणाल्या, "दरवर्षी थंडीत एक रांग जाते बघ वरून, सड्यावरनं. पाठीवर पिशव्या असतात. आम्ही खालून बघतो. आमची पोरं हात हलवतात."

त्या रांगेत मी असायचे. खाली वाडी आहे, एवढंही मला कधी कळलं नव्हतं. वाडीतून किनाऱ्याला जाणारी वाट सोपी होती आणि जवळचीही.

संध्याकाळी लताबाईंना फोन केला. मला वाटलं होतं, त्या माझ्याइतक्याच हादरतील. त्या म्हणाल्या, अगं, सरांनी तुझ्याच भल्यासाठी केलं ते. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. फलाटावरचा तो गोल, ती आडनावं ठेवून देणं, ते भांड्यांचं पोतं, हे सगळं मी आले त्या वर्षापासून सुरू झालं होतं, एकट्या माझ्या आडनावासाठी. कुणाच्या तोंडून ते चुकून किनाऱ्यावर निघू नये म्हणून.

परत आल्यावर मी पिशवीसकट सरळ पिपरी मेघेला गेले. मामा बाजेवर गुडघ्याला गरम पट्टा बांधून बसले होते. मामींनी पोहे आणून ठेवले. मामांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मी एकामागून एक सगळं सांगितलं. ताट पडवीत आलं हे ऐकल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं? म्हनूनच सांगत नव्हतो. मी त्या बाईले तुह्यापेक्षा जास्त ओळखतो."

मी म्हटलं, ती म्हणाली की तिनं विचारलंच नव्हतं.

"विचारलं असतं कधी ना कधी. मंग त्या दिवशी तुले उठा लागलं असतं. लहान होती तू. तुले समुद्र दाखवाचा होता मले, अपमान नाई."

"अन् वाडी? त्या खालच्या वाटेनं गेलो असतो तं काय झालं असतं?"

ते पट्टा सारखा करत राहिले. म्हणाले, तिथं उतरलो असतो तर वरच्या घरांत कळलं असतं. एक घर तुटलं की पुढची तुटतात. मग सहलच राहिली नसती. त्यांच्या बोलण्यात हिशेब अगदी चोख होता. तो त्यांनी पहिल्याच वर्षी मांडला असणार आणि त्यानंतर त्याकडे वळूनही पाहिलं नसणार. हा तोच माणूस होता जो 'कृपया' खोडायचा.

मी पत्रकाचं विचारलं. मी बसस्टँडवर उभी राहून लोकांच्या हातात खोटं दिलं, आणि तुम्ही त्यातला स्वल्पविराम नीट केला. मामा म्हणाले, "खोटं कायचं? चांगलं लिहिलं होतं. तसं व्हाले पाह्यजे, असंच लिहिलं होतं तू." आणि मग अगदी प्रेमानं, जुन्या सवयीनं, "पोहे खाय ना वं. थंडे होऊन राह्यले."

मी म्हटलं, मामा, मला तुमच्याशी भांडायचं नाही. एकच करा. काकींना आत्ता फोन करा आणि तुमच्या तोंडानं सांगा की मी कोण आहे. बाकी त्यांचं त्या बघतील. पुढे त्या घरात पाय ठेवायचा की नाही ते माझं मी बघेन. पण जे खोटं तुम्ही सांगितलं, ते तुम्हीच परत घ्या.

मामांनी मान हलवली आणि फोन उचलला. मला ऐकू यावं म्हणून त्यांनी तो बाजेवर मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. मला वाटलं, आता हा माणूस मला परत मिळणार.

काकींनी फोन घेतल्यावर मामांचा आवाज बदलला. कोकणात गेल्यावर ते ज्या शुद्ध मराठीत बोलायचे तो आवाज. "नमस्कार सुलभाताई, ढगे बोलतोय. आमची भाची येऊन गेली ना? काहीतरी बोलून गेली म्हणे. मनावर घेऊ नका हो. चळवळीतल्या पोरांत असतं असं, हल्ली सगळे स्वतःला तसंच म्हणवतात. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे ती."

मग काकी म्हणाल्या, "अगोबाई. आणि मी तिला बाहेर वाढलं हो सर. दोन दिवस घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली. घरची पोर आणि मी…"

मामांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बघ, सगळं जागेवर आलं, असे.

मी वाकून फोनजवळ तोंड नेलं. म्हटलं, "काकी, मी सुजाता. मी इथंच बसले आहे. सर खोटं बोलताहेत. तुम्ही बाहेर वाढलंत ते मलाच वाढलंत, दुसऱ्या कुणाला नाही."

मामांनी अंगठ्यानं फोन बंद केला.

मामी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मामा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. म्हणाले, एवढ्या वर्षांची घरं तू एका मिनिटात मोडली, तुले पाह्यजे तरी काय? मी म्हटलं, तुम्ही एकदा खरं बोलावं, एवढंच. मी आणलेली उरलेली संत्री बाजेखाली ठेवली आणि निघाले.

डिसेंबरात सगळे गेले. लताबाईंनी वाट बांधली, फोनवरूनच. जायच्या आधी त्या मला बोलवायला आल्या होत्या. काकींना सरांनी नंतर नीट समजावलं आहे, म्हणाल्या, आता तिकडं काही अडचण नाही, तू चल. काय समजावलं असेल ते मी विचारलं नाही. मी त्या खालच्या वाडीतल्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, यंदा रांग सड्यावरून जाईल तेव्हा मी त्यात नसेन. फेब्रुवारीत बाबांना घेऊन येईन, आणि खालून येईन. बाबांनी अजून समुद्र पाहिलेला नाही.

जानेवारीत एका शनिवारी मामांची स्कूटर छापखान्यासमोर थांबली. मुलगा चालवत होता, मामा मागे बसले होते. ते काठी टेकत आत आले. बाबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. आईनं नेहमीच्याच कपात चहा आणला. मी कोपऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत होते, त्या थांबवल्या नाहीत.

मामा इकडचं तिकडचं बोलले. ऑपरेशनची तारीख, शाळा. मग कुणाचं नाव न घेता म्हणाले की माणूस चांगल्या मनानं करायला जातो आणि वाईट होऊन बसतो. बाबा प्रूफ वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मोरेश्वर, एवढी वर्सं तू माह्या घरी चहा पेला. कोणाचा कोण म्हनून पेला?"

"आता हे काय विचारणं झालं? मित्र म्हनून."

"मंग तिथं 'मित्राची पोरगी' म्हणायले तुह्या तोंडाले काय झालतं?"

मामांनी कप तोंडाला लावला आणि न पिता खाली ठेवला. उत्तर शोधायला ते छापखान्यात इकडे तिकडे पाहत होते. शाईच्या डब्यांकडे, दोरीवर वाळणाऱ्या कागदांकडे, माझ्याकडे. मी त्यांना ओळखते. हिशेब मांडताना ते वेगळे दिसतात आणि खरंच आठवून बघताना वेगळे. ते आठवून बघत होते.

"सुचलंच नाई रे," ते म्हणाले.

बाबांनी पुन्हा प्रुफात डोकं घातलं. मामांनी चहा संपवला, काठी घेतली, मुलाच्या खांद्याला धरून पायरी उतरले. त्यानंतर ते आलेले नाहीत आणि आम्हीही त्यांच्याकडे गेलो नाही. पण त्या दिवशी, माझ्या बाबतीत पहिल्यांदा, ते खरं बोलले होते.